पुरावा नसताना मंत्र्याने काय सांगावे? मोसूलच्या 39 मजुरांचे प्रकरण

20 मार्च 2018 रोजी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज राज्यसभेत निवेदनासाठी उभ्या राहिल्या. इराकमध्ये 2014 पासून बेपत्ता असलेले 39 भारतीय मजूर मारले गेले आहेत, त्यांचे मृतदेह सापडले आहेत आणि ओळख पटली आहे, असे त्यांनी सांगितले. याच मंत्री जवळपास पावणेचार वर्षे संसदेला सांगत होत्या की ते मेल्याचा पुरावा नाही, शोध चालू आहे. दोन्ही वेळची विधाने आपापल्या जागी खरी होती. तरीही पंजाबातल्या त्या घरांना आपली फसवणूक झाली असे वाटले, आणि विरोधकांनी हक्कभंगाची (मंत्र्याने सभागृहाच्या विशेषाधिकारांचा भंग केल्याची) नोटीस दिली. एकही धड खोटे वाक्य न उच्चारता ही वेळ का आली, हे या प्रकरणात पाहण्यासारखे आहे.

माझे मत आधीच सांगतो. "पुरावा नाही" हे उत्तर बरोबर होते. चूक त्या उत्तराला जोडलेल्या "सूत्रांची" होती. आणि संसदेच्या ज्या चौकटीत ते उत्तर दिले गेले, त्या चौकटीत सूत्रे तपासून पाहायला जागाच नव्हती.

आधी घटना. 10 जून 2014 रोजी आयसिस या दहशतवादी संघटनेने उत्तर इराकमधले मोसूल शहर घेतले. इराकी फौज शहर सोडून पळाली. दिल्लीत नवे सरकार येऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. स्वराज यांनी 26 मे रोजी शपथ घेतली होती. मोसूलमध्ये एका इराकी बांधकाम कंपनीत 40 भारतीय मजूर कामाला होते. त्यांचे अपहरण झाल्याचे जूनच्या मध्यावर परराष्ट्र मंत्रालयाने मान्य केले. त्यातला गुरदासपूर जिल्ह्यातला एक तरुण निसटला. उरले 39 : पंजाबचे 27, बिहारचे 6, हिमाचल प्रदेशचे 4 आणि पश्चिम बंगालचे 2.

त्याच महिन्यात इराकमधल्याच तिकरितच्या रुग्णालयात 46 भारतीय परिचारिका अडकल्या होत्या, बहुतेक केरळच्या. आयसिसचे लोक त्यांना मोसूलला घेऊन गेले, आणि मग सोडून दिले. 5 जुलै 2014 रोजी उत्तर इराकमधल्या एरबिल शहरातून निघालेले विमान त्यांना घेऊन कोचीला उतरले. ती सुटका कशी घडली हे सरकारने कधी पूर्ण उघड केले नाही, आणि करूही नये. पण 39 मजुरांच्या बाबतीत पुढे जे झाले ते समजायला हे विमान लक्षात ठेवावे लागते. आयसिसच्या ताब्यातली माणसे परत आणता येतात, मध्यस्थांमार्फत निरोप पोचतो आणि उत्तरही येते, असा अनुभव मंत्रालयाच्या गाठीशी नुकताच जमा झाला होता. असा अनुभव असलेला अधिकारी "ते जिवंत आहेत" या निरोपावर विश्वास ठेवायला थोडा जास्तच तयार असतो. यात बेइमानी नाही, पण धोका आहे.

निसटलेल्या तरुणाचे म्हणणे सरळ होते. आम्हाला बाहेर नेले, रांगेत बसवले, गोळ्या घातल्या. मी जखमी होऊन पडून राहिलो म्हणून वाचलो. भारतात परतल्यावर तो बराच काळ सरकारी देखरेखीखाली होता. 2015 मध्ये तो जाहीरपणे बोलू लागला, पण त्याचे म्हणणे सरकारला पहिल्यापासून ठाऊक होते.

नोव्हेंबर 2014 मध्ये एका वृत्तवाहिनीने एरबिलमधल्या बांगलादेशी कामगारांच्या हवाल्याने भारतीय मारले गेल्याची बातमी दिली. संसदेचे अधिवेशन चालू होते. विरोधकांनी खुलासा मागितला आणि स्वराज यांनी निवेदन केले. त्याचा गाभा असा होता : एक माणूस म्हणतो ते मारले गेले. माझ्याकडची सहा सूत्रे म्हणतात मारले गेले नाहीत. एकट्याच्या सांगण्यात विसंगती आहेत. त्याच्यावर विश्वास ठेवला तर शोध थांबवावा लागेल. नाही ठेवला तर शोध चालू ठेवता येईल. मी शोध चालू ठेवणार.

स्वराज मूळच्या वकील होत्या, आणि हा युक्तिवाद वकिलीच्या अंगाने भक्कम होता. ज्याने शोध थांबतो ते गृहीत धरायचे नाही. 39 जणांच्या आयांसमोर बसणारी कोणतीही व्यक्ती हेच म्हणेल. पण या मांडणीत एक गोष्ट अलगद सरकली. शोध चालू ठेवण्यासाठी "ते जिवंत आहेत" असे मानायची गरजच नव्हती. "ठाऊक नाही" एवढे पुरेसे होते. सहा विरुद्ध एक असा तराजू सभागृहापुढे धरला की पारडे कुठे झुकते हे वेगळे सांगावे लागत नाही. वर ती सहा सूत्रे एकमेकांपासून स्वतंत्र होती की एकाच ठिकाणची ऐकीव गोष्ट सहा तोंडांनी दिल्लीला पोचत होती, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. आणि समोरच्या पारड्यातला जो एक होता, तो एकटाच प्रत्यक्ष तिथे हजर होता.

इथे संसदेच्या कामकाजाची थोडी फोड करावी लागेल, कारण निम्मे उत्तर तिथे दडले आहे.

मंत्र्याकडून माहिती काढण्याच्या वाटा अनेक आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर छापील येते, विषय संपतो. दोन्हींसाठी किमान पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. आपल्या विधिमंडळाचे कामकाज पाहणाऱ्यांना ही नावे सवयीची आहेत. ज्याला आपण नुसते "लक्षवेधी" म्हणतो, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना, तीही सोय संसदेत आहे. या सगळ्यांत मंत्र्याला खरा घाम फुटतो तो पूरक प्रश्नाला. मूळ उत्तर मंत्रालयातल्या संबंधित विभागाने दहा वेळा गाळून दिलेले असते. संभाव्य पूरक प्रश्नांचीही टिपणे जोडलेली असतात, अधिकारी सभागृहाच्या गॅलरीत बसून चिठ्ठ्या पाठवत असतात. तरी एखादा सदस्य उठून असे काही विचारतो की टिपणात त्याचे उत्तर नसते, आणि तेव्हा मंत्र्याला खरोखर काय माहीत आहे ते दिसते.

मोसूल प्रकरणातली मोठी वळणे मात्र प्रश्नोत्तरांत नाही, मंत्र्यांच्या निवेदनांत आली. निवेदनाची रीत वेगळी आहे. लोकसभेच्या नियम 372 नुसार मंत्री अध्यक्षांच्या संमतीने सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर निवेदन करू शकतो, पण निवेदन होत असताना त्यावर प्रश्न विचारता येत नाही. राज्यसभेत स्पष्टीकरणे मागण्याची प्रथा आहे, तेवढी फट उरते. म्हणजे मंत्री स्वतःहून सभागृहाला विश्वासात घेतो, ही चांगली गोष्ट. पण त्याच क्षणी उलटतपासणीपासून सुरक्षितही होतो. स्वराज 2009 ते 2014 लोकसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. या सगळ्या आयुधांची धार त्यांच्याइतकी कमी लोकांना ठाऊक असेल. त्यांनी निवेदनाचा मार्ग पळवाट म्हणून निवडला असे मी म्हणत नाही. परिणाम मात्र व्हायचा तोच झाला.

बरे, भर सभागृहात सूत्रे तपासता येतात का? नाही येत. नाव घेतले की त्या माणसाच्या जिवावर बेतते. मग उपाय काय होता? परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समिती होती; तिच्या बैठका बंद दाराआड होतात, सर्वपक्षीय सदस्य असतात, आणि त्या काळात अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या शशी थरूर यांच्याकडे होते. तिथे नावे न घेताही सांगता आले असते की सहापैकी किती जणांनी मजुरांना प्रत्यक्ष पाहिले आहे, शेवटचे कधी पाहिले, आणि आवाजाचा किंवा छायाचित्राचा एक तरी तुकडा कुणी आणून दिला आहे का. ओलिसांच्या प्रकरणात पहिली मागणी जिवंत असल्याच्या खुणेचीच असते. पावणेचार वर्षांत 39 पैकी एकाही घरी ओळखीचा आवाज आला नाही. 15 जूनच्या सुमारास फोन बंद झाले ते कायमचे. माझ्या दृष्टीने हा सहा सूत्रांपेक्षा जड पुरावा होता. मृत्यूचा नव्हे, पण सूत्रांच्या विरुद्ध जाणारा नक्कीच.

2017 चा जुलै हा या प्रकरणाचा सर्वांत अवघड महिना.

9 जुलैला इराकचे पंतप्रधान हैदर अल अबादी मोसूलमध्ये विजय जाहीर करायला पोचले. लगोलग परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह एरबिलला गेले. 16 जुलैला स्वराज कुटुंबीयांना भेटल्या आणि इराकी अधिकाऱ्याकडून मिळालेली माहिती त्यांच्या कानावर घातली : तुमची माणसे बहुधा बदुशच्या तुरुंगात असावीत, तिथली लढाई संपली की कळेल. बदुश हे मोसूलच्या वायव्येला असलेले गाव. तिथल्या तुरुंगात जून 2014 मध्येच आयसिसने शेकडो शिया कैद्यांना बाहेर काढून ठार केले होते, आणि हे मानवाधिकार संघटनांनी तेव्हाच नोंदवले होते. भेटीनंतर काही दिवसांतच भारतीय पत्रकारांनी त्या तुरुंगाची दृश्ये दाखवली. तुरुंग जमीनदोस्त होता. आत कुणी असण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे इराकचे परराष्ट्रमंत्री इब्राहिम अल जाफरी दिल्लीला आले. मजूर जिवंत आहेत की नाहीत हे आपण खात्रीने सांगू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. बघा, त्या मातीवर सरकार चालवणारा माणूस "ठाऊक नाही" म्हणत होता.

26 जुलैला स्वराज लोकसभेत बोलल्या. सभागृहाचे वातावरण तापलेले होते. दोनच दिवसांपूर्वी अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी काँग्रेसच्या सहा खासदारांना निलंबित केले होते. स्वराज यांचे ते भाषण अनेकांच्या लक्षात आहे. मृतदेह मिळालेला नाही, आयसिसने मारल्याची यादी दिलेली नाही, चित्रफीत सोडलेली नाही. ठोस पुराव्याशिवाय कुणालाही मृत ठरवणे हे पाप आहे आणि ते मी करणार नाही, अशा आशयाचे त्या बोलल्या. ते जिवंत असल्याचा ठोस पुरावा आपल्याकडे नाही, हेही त्यांनी मान्य केले. ज्यांना त्यांना मृत म्हणायचे आहे त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर म्हणावे, असे आव्हानही दिले.

या भाषणाचा कायदेशीर कणा मजबूत आहे. तेव्हा लागू असलेल्या 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यानुसार सात वर्षे ज्याची खबरबात नाही तो मेला असे न्यायालय धरून चालू शकते. 2017 मध्ये तीनच वर्षे झाली होती. सरकारने तोंडी का होईना "मृत" म्हटले असते, तर इराकी यंत्रणेवर शोधासाठी दबाव टाकायचा आधार निसटला असता. आणि खरोखरच एखादा जण कुठे तळघरात जिवंत असता तर? जवळपास आठ महिन्यांनी काय निघाले हे माहीत असताना आज हा विचार हास्यास्पद वाटेल, पण तेव्हा मोसूलच्या ढिगाऱ्यांतून लोक जिवंत बाहेर येत होते.

म्हणून माझा आक्षेप 26 जुलैच्या भाषणाला नाही. ते मी तिन्ही टप्प्यांतले सर्वांत प्रामाणिक निवेदन मानतो. आक्षेप आहे तो 16 जुलैच्या भेटीला. तुरुंगाबद्दलची माहिती कच्ची होती. कच्ची माहिती नोंदीत ठेवता येते, तपासायला माणूस धाडता येतो. पण ती आईच्या हाती दिली की ती माहिती उरत नाही, आशा होते. आणि सभागृहात बोललेला प्रत्येक शब्द कार्यवृत्तात जातो, त्याचा जाब विचारता येतो. सरकारने दिलेली आश्वासने पूर्ण झाली की नाही हे पाहायला दोन्ही सभागृहांची वेगळी समिती आहे, तिची तीन महिन्यांची मुदत असते. बंद खोलीत कुटुंबीयांना दिलेल्या दिलाशाला कार्यवृत्त नसते.

त्यानंतरचे काम मात्र मंत्रालयाने चोख केले, आणि ते सांगितले नाही तर अन्याय होईल. ऑक्टोबर 2017 मध्ये पंजाबसह इतर राज्यांतल्या नातेवाइकांचे डीएनए नमुने घेऊन इराकला पाठवले गेले. सिंह पुन्हा इराकला गेले, बदुशला राहिले. 20 मार्चच्या निवेदनात स्वराज यांनी ते तिथे जमिनीवर झोपल्याचा उल्लेख केला. स्थानिकांनी एका टेकाडाकडे बोट दाखवले की तिथे बऱ्याच जणांना एकत्र पुरले आहे. जमिनीच्या आतले दाखवणाऱ्या रडारने खात्री करून मग खोदकाम झाले. मृतदेह बरोबर 39 निघाले. लांब केस, हातातले कडे, इराकी नसलेले बूट, काही ओळखपत्रे. नमुने बगदादला जुळवले गेले. 38 जुळले, एकाचे आईवडील हयात नसल्याने इतर नातेवाइकांच्या नमुन्याशी 70 टक्के जुळणी झाली. हे सगळे ताळेबंद मांडल्यासारखे त्यांनी राज्यसभेत सांगितले. सभागृह शांत होते, सदस्यांनी उभे राहून मौन पाळले. राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते गुलाम नबी आझाद यांनी दुःख व्यक्त करतानाच मागच्या वर्षी सरकारने काय सांगितले होते याची आठवण करून दिली.

लोकसभेत मात्र हे होऊ शकले नाही. आंध्रचा विशेष दर्जा, बँक घोटाळा, अविश्वास ठराव अशा मुद्द्यांवर ते अधिवेशन गोंधळातच चालले होते. महाजन यांनी वारंवार विनवले, इतके असंवेदनशील होऊ नका म्हणून. घोषणा थांबल्या नाहीत. (चिपळूणला जन्मलेल्या, इंदूरच्या या अध्यक्षांचा आवाज त्या दिवशी खरोखर कातर झाला होता असे मला वाटले.) 39 नागरिकांच्या मृत्यूची बातमी देशाच्या थेट निवडून आलेल्या सभागृहाला ऐकता आली नाही, याचा दोष मी मंत्र्यांना देणार नाही.

पण त्याच दिवशीचा दुसरा वाद अधिक खोल होता. कुटुंबीयांना ही बातमी दूरचित्रवाणीवरून कळली. आम्हाला आधी का सांगितले नाही, असा त्यांचा सवाल होता. दुपारच्या पत्रकार परिषदेत स्वराज यांचे उत्तर तयार होते : अधिवेशन चालू असताना आधी सभागृहाला सांगणे हे माझे कर्तव्य आहे, आणि पुरावा मिळाला की सभागृहात येऊन सांगेन असे वचन मी दिले होते.

या प्रथेचा अर्थ स्वराज यांनी गरजेपेक्षा ताणला, असे माझे स्पष्ट मत आहे. अधिवेशन काळात महत्त्वाच्या धोरणात्मक घोषणा आधी सभागृहात कराव्यात, हा संकेत आहे. तो मोडला तर औचित्यभंग मानला जातो, हक्कभंग नव्हे. संकेताचा हेतू हा की मंत्र्याने संसदेला डावलून पत्रकारांशी बोलू नये. मुलगा गेल्याचे त्याच्या आईला सकाळी जिल्हाधिकाऱ्याने घरी जाऊन सांगणे ही घोषणा नाही, पत्रकार परिषदही नाही. 39 घरे, चार राज्ये. एका सकाळचे काम होते. बातमी फुटली असती का? कदाचित तासभर आधी फुटली असती. राज्यसभेचा त्याने कोणताही अपमान झाला नसता. सैन्यात हे रोज केले जाते : नाव जाहीर करण्यापूर्वी घरी माणूस जातो.

निसटलेल्या तरुणाबद्दलही त्या निवेदनात बोलणे झाले. तो अली हे नाव सांगून बांगलादेशी कामगारांबरोबर खानावळवाल्याच्या गाडीतून एरबिलला पोचला, गोळीबारातून वाचल्याची त्याची गोष्ट रचलेली आहे, असे स्वराज म्हणाल्या. तो आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. तो कसा सुटला याबाबत सरकारची माहिती खरी असेलही. पण त्याच्या सांगण्याचा मुख्य भाग, सगळे मारले गेले हा, बदुशच्या टेकाडाने खरा ठरवला होता. त्याच दिवशी, त्याच निवेदनात त्याला खोटा ठरवण्याची काहीच गरज नव्हती. सहा सूत्रांचे काय झाले, ती का चुकली, हे सांगण्याची होती.

2 एप्रिलला सिंह हवाई दलाच्या विमानातून 38 जणांचे अवशेष घेऊन अमृतसरला उतरले. तिथून विमान कोलकाता आणि पाटण्याकडे गेले. अमृतसरला पत्रकारांनी भरपाईबद्दल विचारले तेव्हा हे काही बिस्किटे वाटण्याचे काम नाही, असे सिंह बोलून गेले आणि टीकेचे धनी झाले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी प्रत्येक कुटुंबाला 10 लाख रुपये जाहीर केले. पंजाब सरकारने 5 लाख आणि घरटी एक नोकरी देऊ केली. याच दौऱ्यात सिंह यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : हे मजूर दलालांमार्फत बेकायदा गेले होते, कोणत्याही वकिलातीत त्यांची नोंद नव्हती. म्हणजे 2014 च्या जूनमध्ये माणसे कुठे आहेत, किती आहेत हे दिल्लीला कळले ते कंपनीकडून आणि घरच्यांच्या फोनवरून. या दलालांवर, त्यांच्या परवान्यांवर आणि 1983 च्या स्थलांतर कायद्याच्या अंमलबजावणीवर तारांकित प्रश्न विचारायला 39 जण जिवंत असण्या-नसण्याच्या पुराव्याची वाट पाहावी लागत नव्हती. त्याची सगळी माहिती दिल्ली, चंदीगड आणि जालंधरच्या कचेऱ्यांतच होती.